सातची सुई, अकराचा डबा

शरणम्माला रडू येत नव्हतं, आणि भवानी पेठेतल्या त्या बोळाला तिचा नवरा शिवानंद गेल्यापेक्षा हीच गोष्ट जास्त खटकत होती. बायका येऊन बसायच्या, पदर डोळ्याला लावायच्या आणि पदराआडून तिच्याकडं बघायच्या. ही आपली सूप मांडीवर घेऊन बसलेली. विडीचं पान कातरायचं, चिमूटभर तंबाखू पसरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, टाकायचं. पुढचं पान.

"दगड हाय बया नुसता," बोळाच्या तोंडाशी गेल्यावर एक जण दुसरीला म्हणाली. बोळ अरुंद, सगळं ऐकू येतं. शरणम्मानं ऐकलं. पानाची शीर काढली. पुढचं पान.

ती आधीपासून अशी नव्हती. माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा विडी वळता येत नव्हती. सासूनं, नीलव्वानं, हातावर फटके मारून शिकवली. मग अशी शिकली की कारखान्यात विड्या तपासणारा कारकून तिची टोपली पुढं आली की घाम पुसायचा. त्यानं मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला काढल्या की ही तिथंच कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "कुटं वाकडी हाय दाव. दाव की. तुझ्या नजरंत वाकडं हाय का विडीत?" मागच्या बायका हसायच्या, कारकून निम्म्या विड्या परत टोपलीत टाकायचा. आता तो मुठीनं छाट काढतो आणि ही रिकामी टोपली घेऊन गप परत येते. परवा तर कारकूनच बावरला. "ताई, बरं न्हाई का?" म्हणाला. ती म्हणाली, "बरं हाय की."

शिवानंद टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. तुटलेली तार, म्हणजे सुताचा धागा, लांबूनच हेरणारा माणूस. त्याला एकाएकी तार दिसेना झाली. अंगावरचे कपडे ढिले झाले, रात्रीत चारदा उठायला लागला. तपासलं तर साखर, आणि ती पण गोळीनं न ऐकणारी. दवाखाना ट्रस्टचा. गरिबाला परवडणारा, डॉक्टर चांगले, औषध खरं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकलं की लोक काच फोडायला निघतात. तिथं कुणी राक्षस बसला नव्हता. सगळी आपापलं काम नीट करणारी माणसं होती. भानगड तिथंच होती.

अमृत डॉक्टरांनी इन्सुलिनची सुई लिहून दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणाआधी. शेजारच्या खोलीत ऋतुजा सिस्टरनं ती टोचायला शिकवली. शिवानंदला सुई बघवेना, म्हणून शरणम्माला शिकवली. संत्र्यावर. औषध किती ओढायचं, हवा कशी काढायची, कातडी चिमटीत कशी धरायची. तीन संत्री झाली, चौथ्याला सिस्टर म्हणाली, "हात चांगला आहे हो तुमचा. सकाळी सातला, संध्याकाळी सातला, जेवणाआधी. कळलं?" शरणम्मानं मान हलवली. मग दोघं जिना चढून वर आरोही मॅडमकडं गेली, त्या आहाराचं बघतात. त्यांनी विचारलं, चहा गोड पिता का? व्हय. सोबत काय? खारी. त्या म्हणाल्या, दोन्ही आजपासून बंद. शरणम्मानं परत मान हलवली. नवराबायको खाली उतरली, बाहेर ऊस पिळत होता, त्याच्याकडं बघून शिवानंद म्हणाला, "हे पण गेलं की," आणि दोघं हसली.

आता मागावरच्या माणसाचा दिवस ऐका. दवाखान्यात तो कुणी ऐकला नव्हता, म्हणून इथं सांगावा लागतो. सातला घर सोडायचं. वाटेत टपरीवर गोड चहा आणि दोन खाऱ्या. मग अकरा वाजता डबा येईपर्यंत माग. डबे बोळातून गोळा करून एक म्हातारा सायकलवरनं कारखान्यात नेतो. सकाळी बायकांना पाणी भरायचं असतं, आणि सोलापुरात नळाला पाणी येतं त्या दिवशी चूल उशिराच पेटते. तेव्हा डबा अकराचाच. नाश्ता हा प्रकार या माणसांच्या आयुष्यात नाही. सकाळचं जेवण म्हणजे डबा.

सुई कारखान्यात घेता येत नव्हती. सुई काढली की लोक बघणार, जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, विचारणार, आणि आजारी माणूस मागावर ठेवायला कुणाला नको असतो. म्हणून सुई घरी, निघायच्या आधी, सातला. जेवणाआधी सांगितली होती, जेवणाआधीच दिली. टपरीवरचा चहा-खारी वरच्या मॅडमनी बंद केलेली, तीपण इमानानं बंद. पहिल्या मजल्यावरनं घास काढून घेतला, तळमजल्यावरनं सुई दिली, आणि दोन्हींच्या मधे एक जिना होता. त्या जिन्यावर दवाखान्याचं कुणी कधी भेटलं नाही.

शिवानंदला घाम यायचा. मार्च महिना, पत्र्याची शेड, घाम कुणाला येत नाही? हात थरथरायचे. घरी येऊन सांगायचा, "सुई लागू होतीय बघ." एक दिवस त्यानं जॉबर बडेसाबला शिवी दिली. उभ्या जन्मात कुणाला शिवी न दिलेला माणूस. जीभ जड, पाय झोकांड्या खात. बडेसाबला वाटलं, घेतलीय. त्यानं माग बंद केला, दोघांनी शिवानंदला टॉवेलच्या गठ्ठ्यांमागं नेऊन निजवलं. मालकाला दिसू नये, नोकरी जाऊ नये म्हणून. चांगुलपणाच होता तो. "उतरू दे," म्हणाले. धाकटा भाऊ बसू त्याच कारखान्यात, पण त्या आठवड्यात दुपारच्या पाळीला होता. डबा आला, शिवानंद उठेना, तेव्हा रिक्षा बोलावली.

तो मोठ्या दवाखान्यात काचेच्या आड काही दिवस होता आणि मग नव्हता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी शरणम्माला बाजूला घेऊन साध्या शब्दांत सांगितलं. सुई पोचली, अन्न पोचलं नाही. साखर इतकी खाली गेली की मेंदू उपाशी राहिला. शरणम्मानं मान हलवली. त्या दिवसापासून तिच्या आत कुणीतरी माग बंद केल्यासारखं झालं. खडखडाट नाही, कापड पण नाही.

नीलव्वानं बोळभर सांगितलं ते एवढंच, की सुई हिनं दिली. खोटं काय होतं त्यात? शरणम्मानं कुणाला उलटं उत्तर दिलं नाही.

दवाखान्यानंही धडा घेतला. म्हणजे काय केलं, तर फलक लावला. 'इन्सुलिन घेतल्यावर अर्ध्या तासात जेवण घ्यावे.' निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, वरती हसणारं कुटुंब, त्यांच्यापुढं सफरचंदं. आणि नवा नियम: सिस्टरनं शिकवलं की पेशंटचा अंगठा किंवा सही घ्यायची, मला सगळं समजलं म्हणून. उद्या काही झालं तर कागद तयार. या सहीची गोष्ट बोळातही पोचली होती. याला धोरण म्हणतात. धोरणात दवाखान्याची काळजी पुरेपूर घेतली होती.

दिवाळी झाली आणि बसूच्या पायावर सुताच्या कांड्यांची पेटी पडली. अंगठ्याची जखम सुकेना. महिना गेला तरी सुकेना, उलट काळी व्हायला लागली. बायको बाळंतपणाला मंगळवेढ्याला गेलेली, सांगणार कोण. शेवटी बडेसाबनंच दटावून त्याला दवाखान्यात पाठवलं. संध्याकाळी बसू घरी आला, शरणम्मासमोर बसला आणि पिशवीतनं पांढरं खोकं काढून फरशीवर ठेवलं.

तिनं खोकं ओळखलं. हातातली विडी पुरी केली, दोरा गुंडाळला, टाकली.

"मलाबी निघाली, वैनी," बसू म्हणाला.

आत नीलव्वा भांडी लावत होती. आवाज थांबला. ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "काय निघाली?"

"साखर, अव्वा."

"आणि ह्यात काय हाय?"

नीलव्वानं खाली वाकून खोक्याकडं बघितलं, जसं कुणी उंबऱ्यावरच्या विंचवाकडं बघतं. "हे ह्या घरात ऱ्हाणार न्हाई. एक पोरगं सुईनं घालवलं. सकाळी जाऊन त्येंच्या तोंडावर मारून ये."

"अव्वा, डॉक्टर म्हनत्यात, न्हाई घेतली तर अंगठा जाईल. अंगठ्यावर भागलं तर नशीब."

"जाऊ दे अंगठा. अंगठा गेलेली मान्सं मी बघितल्यात, चालत्यात. तुझा भाऊ चालतोय का?"

बसू खालमानेनं शरणम्माला म्हणाला, "मला न्हाई टोचता येत. डोळं फिरत्यात. तुमाला येतं. तुमी द्या."

तो म्हणाला आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. नीलव्वा उंबऱ्यातनं हलली नाही. तिला सून काय म्हणते ते ऐकायचं होतं. शरणम्माला वाटलं, आता काहीतरी होईल आपल्याला, छातीत, पोटात, कुठंतरी. काही झालं नाही. तिनं विचारलं, "कवा घ्यायची म्हनले?"

"सातला. जेवनाआधी. दादासारखंच."

"आणि तू खातोस कवा?"

"असं काय इचारता वैनी? डबा आला की."

"टपरीवर?"

"वरच्या मॅडमनी च्या-खारी बंद केलीय."

"सही घेतली तुझी?"

"घेतली की. समजलं म्हनून."

शरणम्मानं सूप बाजूला ठेवलं. त्या घरात गेले आठ-नऊ महिने सूप मधेच बाजूला ठेवलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "सकाळी सुई घ्यायची न्हाई," ती म्हणाली. "आदी दवाखान्यात जायचं. मी येते."

"मीबी येते," नीलव्वा म्हणाली. "खोकं परत द्यायला."

दुसऱ्या दिवशी तिघं रिक्षानं गेली. खोकं नीलव्वानं मांडीवर घट्ट धरलेलं, कुणी पळवून नेईल असं. दवाखान्यात ही गर्दी. ऋतुजा सिस्टरच्या खोलीबाहेर बाकावर तिघं बसली. समोरच निळा फलक. शरणम्मा त्या सफरचंदांकडं बघत बसली. बोळात सफरचंद दिसतं ते दवाखान्यातनं घरी आलेल्या माणसाच्या उशाशी.

नंबर आला. सिस्टर खाली बघून म्हणाली, "बसू ना? काल शिकवलं की तुम्हाला. काय विसरलं?"

"खोकं घ्या परत," नीलव्वानं टेबलावर ठेवलं.

सिस्टरनं वर बघितलं, आणि नीलव्वाच्या मागं उभी असलेली शरणम्मा तिला दिसली. काल बसूच्या आडनावानं तिला काही आठवलं नव्हतं. आता आठवलं. हातातलं पेन तसंच राहिलं. त्या मुलीनं शिवानंदच्या नंतर पंधरा दिवस रजा घेतली होती, हे शरणम्माला माहीत असायचं कारण नव्हतं. तिनं एवढंच बघितलं की पोरगी वाळलीय.

"ह्येला इचारा," शरणम्मा म्हणाली, "सकाळपास्नं काय खाल्लं."

"अहो, मी सगळं सांगितलंय त्यांना. अर्ध्या तासात जेवण. बोर्डवर पण..."

"तुमी सांगितलं. मी इचारा म्हनते."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर सिस्टरला उत्तर देता आलं असतं. चढलेल्या आवाजाची दवाखान्याला सवय असते. तिनं बसूकडं वळून विचारलं, "काय खाल्लं?"

"काय न्हाई. बिनसाखरंचा च्या."

"आणि आज सातला सुई घेतली असती, तर त्यानंतर पहिला घास कधी?"

"अकराला. डबा येतो तवा. कदी सव्वाअकरा हुत्यात, म्हाताऱ्याची सायकल पंचर झाली तर."

सिस्टर उठली. बाहेर गेली आणि जिना चढून वर. आरोही मॅडमना हाताला धरूनच खाली आणलं. मॅडम वैतागलेल्या. "अगं, मी लिहिलंय की तक्त्यात. आठ वाजता नाश्ता, एक वाटी उपमा किंवा पोहे."

"पोहे कुटं, मागावर?" बसू म्हणाला. हसायला नको होतं, पण तोच हसला. "एका हातात पोहे आन एका हातात कांडी?"

"मग तुम्ही काल बोलला का नाही?"

बसूनं खांदे उडवले. उत्तर शरणम्मानं दिलं. "आमी मान हलवतो. तुमी म्हनता, कळलं? आमी व्हय म्हनतो. मागल्या खेपंला मीबी ह्याच खुर्चीवर मान हलवली हुती."

नीलव्वा सुनेकडं बघत राहिली. मागल्या खेपेला खुर्चीवर सून होती, समोर सिस्टर होती, वर मॅडम होत्या, हे तिनं आजवर असं एकत्र मांडून बघितलं नव्हतं.

अमृत डॉक्टर आत आले ते रागातच. बाहेर रांग तुंबली होती. "सिस्टर, काय संमेलन चाललंय?" ऋतुजानं सांगितलं. पाठ केल्यासारखं, एका दमात: सुई सातला, घास अकराला, चहा-खारी बंद, कारखान्यात सुई घेता येत नाही, भाऊ कोण होता. भावाचं नाव आल्यावर डॉक्टर स्टुलावर बसले. म्हणाले, "सुई अकराला न्या मग."

"जॉबर उठवंल मागावरनं," बसू म्हणाला. "आन तितं ठेवू कुटं? शेडमदी औषद शिजंल."

"मग सातला घरीच खायला लागेल. पोटभर."

"सातला चूल?" नीलव्वा पहिल्यांदाच डॉक्टरांशी बोलली. "पानी आलेल्या दिवशी आमी पहाटंपास्नं नळावर असतो, डाक्टर. तुमी येता का भरायला?"

डॉक्टर काही म्हणायच्या आत आरोही मॅडम म्हणाल्या, "कडक भाकरी." सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. त्या जरा ओशाळल्या. "माझी आजी मंगळवेढ्याची. शेतावर जाताना हेच न्यायची. आठ-आठ दिवस टिकते, चूल लागत नाही. ताकात कुस्करायची, वर थोडी शेंगा चटणी. ज्वारीच आहे ती. चालेल."

"हे तुमच्या तक्त्यात का नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"तक्ता छापून येतो, सर. पुण्याहून."

डॉक्टरांनी सकाळचं औषध कमी केलं, पाय बघितला, तिथंच नीलव्वाला बोलावून जखम दाखवली. काळं कुठवर आलंय, सुई नाही घेतली तर कुठवर जाईल, बोटानं दाखवलं. नीलव्वा बघत राहिली. मग ते म्हणाले, "हे मी महिन्याच्या मीटिंगला मांडतो. सुई सुरू करायच्या आधी आपण तिघांनी मिळून पेशंटचा दिवस ऐकायचा. उठल्यापासून झोपेपर्यंत."

"मांडा सर," ऋतुजा म्हणाली. "मीटिंग होईपर्यंत मी उद्यापासून विचारायला लागते." आणि बसूचा फोन मागून घेतला. "तुमच्या जॉबरला लावा."

बडेसाबला काही कळायच्या आत ती बोलायला लागली. घाम सुटला, हात थरथरले, माणूस तोंडाला येईल ते बोलायला लागला, तर दारू समजायचं नाही. गिळता येत असेल तर साखर द्यायची, मूठभर, आणि लगेच खायला. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. सुई घेतो म्हणून कुणाला मागावरनं उठवायचं नाही. साखरेची पुडी मागावर ठेवू द्यायची.

पलीकडनं मागांचा खडखडाट येत होता. त्यातनंच बडेसाब म्हणाला, "ये बात उस दिन कोई बोल्या रहता तो, बाई..."

"आज सांगतेय," ऋतुजा म्हणाली. "माझ्या सुट्टीच्या दिवशी डब्याच्या वेळेला येते, सगळ्यांना सांगते. उभं राहू द्याल ना?"

"आव. कुर्सी रखतूं."

निघताना ऋतुजा शरणम्माजवळ आली. काहीतरी बोलायचं होतं तिला; माफी असेल, दुसरं काही असेल. शरणम्मानं तिला बोलू दिलं नाही. म्हणजे थांबवलं नाही, नुसती बघत राहिली, आणि अशा बघण्यापुढं बोलणं अवघड. "दूद पीत जा," एवढं शरणम्मा म्हणाली आणि वळली.

खोकं टेबलावरनं कुणी उचललं, ते रिक्षात बसल्यावर बसूच्या लक्षात आलं. ते परत नीलव्वाच्या मांडीवर होतं.

पुढची सकाळ. शरणम्मानं हात धुतले. शेजारणीकडच्या फ्रिजमधून बाटली आणली, मिनिटभर तळहातात धरली. संत्र्यावर शिकलेलं सगळं हाताला आठवत होतं. हाताला विसरता येत नाही, हे तिला नको होतं. औषध ओढलं, हवा काढली. बसू पाटावर बसला, शर्ट वर केला आणि भिंतीकडं तोंड केलं.

"थांब," नीलव्वा म्हणाली.

शरणम्मा थांबली. सुई हवेत. वाटलं, आता म्हातारी आडवी पडणार.

नीलव्वानं फडक्यातली कडक भाकरी काढली, गुडघ्यावर ठेवून मोडली. मोठ्यानं मोडली. ताटलीत चुरली, ताक ओतलं, चटणी घातली, आणि ताटली बसूच्या हातात दिली. "हातात धर. ही टोचंल, तवर खाली ठेवायची न्हाई." मग सुनेकडं न बघता म्हणाली, "आता टोच."

शरणम्मानं कातडी चिमटीत धरली. तिला भीती होती की हात थरथरेल. हात थरथरला नाही. सरळ गेली सुई, सरळ निघाली. आणि हात थरथरला नाही याचीच तिला पहिल्यांदा भीती वाटली. किती दिवसांनी काही वाटलं.

"झालं?" बसू म्हणाला.

"झालं. खा."

तो खायला लागला. दोघी समोर बसून बघत राहिल्या. दोन बायका अशा बघत बसल्यावर कुणाला घास जाईल? "अव्वा, असं बघू नगा, उचकी लागंल," तो म्हणाला. कुणी नजर हलवली नाही. त्यानं ताटली चाटूनपुसून रिकामी केली, साखरेची पुडी खिशात घातली आणि लंगडत पाळीला गेला.

शरणम्मा सूप घेऊन बसली. पान कातरलं. वाकडं कातरलं गेलं. दुसरं घेतलं, तेही वाकडं. नऊ वाजले असतील. तिनं सूप सारलं, चपला घातल्या. नीलव्वानं विचारलं नाही कुठं चाललीस म्हणून.

कारखान्याच्या फाटकात बडेसाब विडी ओढत उभा होता. तिला बघून त्यानं विडी टाकली. शिवानंद गेल्यावर दोघं समोरासमोर आलीच नव्हती. त्या दिवशी गठ्ठ्यांमागं कुणी निजवलं, हे दोघांना माहीत होतं. सुई कुणी दिली, हे पण.

"क्या भाभी, इधर कू?"

"बघायचं हुतं."

त्यानं कुणाला बघायचंय ते विचारलं नाही. "आव," म्हणाला आणि पुढं झाला. शेडच्या दारातच त्यानं बोट केलं. आत बायांना सोडत नाहीत, पण दारातनं दिसत होतं. तिसऱ्या रांगेत बसू. सगळीकडं तो खडखडाट, कापसाचा भुगा उडतोय. त्यानं वाकून तुटलेली तार पकडली, गाठ मारली, माग परत चालू केला. जखमी पाय जरा वर धरलेला, बगळ्यासारखा. शेजारच्याला काहीतरी ओरडून सांगितलं, तो हसला.

"हर आदे घंटे कू जाके देखतूं," बडेसाब तिच्या कानाशी ओरडला. "गाली दिया तो भी अच्छा लगेगा अब. साखर रखा मैं, डिब्बा भरके."

ती बराच वेळ उभी राहिली. मग मान वळवून निघाली.

बोळाच्या तोंडाशी नीलव्वा बसली होती. उगाच, कुणाची वाट बघत नसल्यासारखी. तिनं वर बघितलं.

"उभा हाय," शरणम्मा म्हणाली.